आडवी चार बोटं

“काका, तुमची नळी आजवर कधी चुकलीय का हो?”

प्रश्न तिचा नव्हता. शाळेतून येताना दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात अडकवला होता. पोस्टमनची मुलगी म्हणाली होती, “थोरल्या काकांच्या तोंडावर हे विचारलंस, तर माझी सायकल पुढच्या सोमवारपर्यंत तुझी.” दूधवाल्याची मुलगी म्हणाली होती, “विचारतेय कसली, घरी गेली की मांजर होते.” तिला हे झोंबलं. वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून सगळी शाळा तिला भोंगा म्हणत होती. आणि भोंगा घरी बंद पडतो म्हणजे काय?

म्हणून त्या दोघींना तारेच्या कुंपणाआड उभं करून, दप्तर पाठीवर असतानाच तिनं विचारून टाकलं.

मागच्या अंगणात बाबा कमरेइतक्या चरात उभे होते. त्यांची कुदळ वरच्या वर थांबली. आई मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन निघाली होती, ती तिथंच थबकली. काका चराच्या काठावर उकिडवे बसून नळीचं वेटोळं गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. गवंडी. कुणाची मोरी असो, गच्ची असो नाहीतर शाळेची टाकी असो, पाणी जिकडे जायला हवं तिकडंच जावं म्हणून जो बारीकसा उतार ठेवतात, तो ढाळ काढायला गावानं काकांनाच बोलवायचं. त्यांची ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी गावात जिवंत प्राण्यासारखी ओळखीची होती. दोन टोकं दोन माणसांनी धरायची. मध्ये खड्डा असो की ढिगारा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहणार. तिथून खाली मोजायचं आणि खणायचं. एकदा एका घरमालकानं, “बघा हां, चुकायचं नाही ना?” एवढंच विचारलं, तर काकांनी थापी तिथंच फेकली आणि अर्धी गच्ची टाकून निघून आले, असं म्हणत.

आज थापी हातात नव्हती, हे तिचं नशीब.

“नळी चुकत नाही,” काका म्हणाले. “धरणारा चुकतो.”

मग त्यांनी मान वर केली, पण तिच्याकडे नाही, तिच्या थोडं डाव्या बाजूला, दोरीवर वाळत घातलेल्या पोत्याकडे बघत ते बोलले. “उद्या दुसरं टोक तू धरायचंस. आणि एक ध्यानात ठेव. नळी धरणाऱ्यानं नळी धरायची. तोंड नाही.”

बाबांची कुदळ खाली आली. आई चालू लागली. कुंपणाआड कुणी नव्हतं, फक्त सायकल टेकवून ठेवली होती. पैज जिंकूनही तिचे कान तापले होते.

चर खणण्याची वेळ आली होती ती रस्त्यामुळे. घरामागचा रस्ता उन्हाळ्यात भर घालून हातभर उंच केला होता, आणि पूर्वी सरळ ओढ्याला जाणारं पाणी आता त्यांच्या अंगणात मुक्कामाला येत होतं. पंधरवड्यापूर्वी दोन दिवस पाऊस झाला, तर पाणी सहा दिवस हललं नाही. त्यात ढग दिसायचे, कोंबड्या काठाकाठानं चालायच्या, आणि घराची मागची भिंत खालून काळी होत होत कमरेपर्यंत ओली झाली. भिंत माती-दगडाची. छपराचा मधला वासा तिच्यावरच टेकलेला. ती बसली की घर बसलं.

काकांनी येऊन बोटाच्या पेरानं भिंत वाजवली होती. वर टणक आवाज आला. खाली आला बद्द, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. कोपऱ्यात एक चीर निघाली होती. काकांनी पुतणीचा फुटका आरसा मागून घेतला, त्याची बोटभर रुंदीची पट्टी कापली आणि चिरेवर आडवी, दोन्ही बाजूंना सिमेंटचा गोळा लावून चिकटवली.

“चीर हलली तर काच तडकेल,” ते म्हणाले. “तडकली की बाहेर पडायचं. कपडे नाही, भांडी नाही, काही नाही. आधी बाहेर.”

तेव्हापासून ती रोज उठली की आधी त्या पट्टीत बघायची. त्यात तिचा एकच डोळा मावायचा. तो अख्खा दिसला की ती दात घासायला जायची.

बाबा लाकडाच्या वखारीत कामाला होते. त्यांनी तीन दिवसांची सुट्टी काढली होती. चर भिंतीपासून हातभर अंतरावर सुरू व्हायचा, अंगण कापत कुंपणाखालून जायचा आणि ओढ्यात उघडायचा. चाळीस फूट. मंगळवारी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा बाबांच्या तळहाताची कातडी फोडांवरून सुटली होती आणि ते कुदळीच्या दांड्याला फडकं गुंडाळत होते. आईची पाठ सरळ होत नव्हती. ती कपडे शिवायची. इतके दिवस मशीनवर वाकलेली पाठ आता घमेल्याखाली वेगळ्याच जागी दुखत होती.

“चहा घ्या, दादा,” आईनं काकांना कप दिला.

काकांनी दोन घोट घेतले आणि कप स्टुलावर ठेवला. म्हणजे, त्यांनी स्टुलावर म्हणून ठेवला. कप स्टुलापासून चार बोटं अलीकडे हवेत सुटला आणि दगडावर फुटला.

बाबा पटकन चरातून वर आले, तुकडे गोळा करू लागले. “मीच स्टूल सरकवलं मघाशी,” ते म्हणाले.

स्टूल कुणीही सरकवलं नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर चहाच्या पातेल्यात घातली.

“चला,” काका उठले. “दहा फुटाला एक बोट ढाळ. आडवं बोट. म्हणजे चाळीस फुटाला आडवी चार बोटं. यापेक्षा कमी दिला तर पाणी झोपतं. जास्त दिला तर पळतं आणि गाळ मागं टाकतं. कळलं?”

“कळलं,” ती म्हणाली.

“आता ओढ्याकडे जा. काठी उभी धर. नळी काठीला लावून धर.”

काम सुरू करायच्या आधी काका नळी हातभर, हातभर करत आकाशाकडे उचलून आत हवा अडकलीय का ते बघायचे, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी नळी उचलली नाही. ती बोटांतून सरकवत ते चालत गेले, जनावराची पाठ चाचपावी तसे. टोकाशी येऊन म्हणाले, “साफ आहे.”

ती कुंपणापलीकडच्या गवतात उभी राहिली. पाणी वरखाली डोललं, मंदावलं. आणि तिला तो दिसला.

तिच्या कोपराच्या उंचीवर, नळीच्या आत, बुडबुडा. लांबट, काचेच्या अळीसारखा. जुनी नळी आतून शेवाळली होती, तिथं तो चिकटून बसला होता. तिनं सहज आपलं मधलं बोट शेजारी उभं धरून बघितलं. नखापासून मुळापर्यंत, बरोबर तेवढा.

ती सांगणार होती. तिनं श्वाससुद्धा घेतला.

“काय बघतेस?” चराच्या त्या टोकाहून काका ओरडले. “पाणी थांबलं का?”

“काका—”

“थांबलं का तेवढं सांग.”

“थांबलं.”

काका नळीचं आपलं टोक बाबांच्या हाती देऊन, काठावरून पाय चाचपत तिच्याजवळ आले. तोंड नळीच्या अगदी जवळ नेलं. त्यांच्या श्वासानं नळीवर वाफ धरली. “पाणी जिथं आहे तिथं नख ठेव,” ते म्हणाले. तिनं ठेवलं. त्यांनी तिच्या नखाला खडू टेकवून काठीवर रेघ ओढली. इतक्या जवळून बघितलं त्यांनी, म्हणजे बुडबुडा दिसलाच असणार. नाही का? त्यांना माहीत असणार बुडबुड्यानं काही होत नाही ते. शाळेच्या पुस्तकात पाण्याची पातळी होती, बुडबुडा कुठंच नव्हता. शिवाय पहिल्यांदाच काकांनी तिच्या नखावर भरवसा टाकला होता, आणि त्याचं तिला, खरं सांगायचं तर, जरा भारी वाटत होतं.

भोंगा गप्प राहिला. काकांनी रेघेपासून खाली माप घेतलं, चार बोटं जास्तीची मोजली आणि बाबांना तळ दाखवला. बाबांनी तिथपर्यंत खणलं.

बुधवारी भोकं पाडलेला पाईप आत बसला. त्यावर खडी, खडीवर पोती, पोत्यांवर माती. भिंतीला लागून, जिथं पाणी आत शिरायचं तिथं, एक खळगा ठेवून त्यावर जाळी टाकली. काकांनी पायानं माती दाबली आणि हात झटकले. “आता येऊ दे पाऊस,” ते म्हणाले. बाबा कितीतरी दिवसांनी हसले. आईनं सुईनं त्यांच्या तळहातातला काटा काढला.

फक्त तिलाच झोप लागेनाशी झाली. डोळा मिटला की नळीतली ती अळी हलायची.

गुरुवारी शाळेतून आल्यावर तिनं आईची कपड्यांची नीळ बादलीत कालवली आणि जाळीतून ओतली. मग दुसरी बादली. मग पळत ओढ्याच्या काठाशी गेली आणि पाईपच्या तोंडासमोर गुडघे टेकून बसली. शंभरपर्यंत मोजलं. पाईपचं तोंड कोरडं. तीनशेपर्यंत मोजलं. एक मुंगी त्या तोंडातून बाहेर आली, इकडे तिकडे बघून परत आत गेली.

ती भिंतीपाशी परत आली, जाळी उचलली. खळग्यात निळं पाणी तसंच होतं. जराही हललेलं नव्हतं. तिनं हात घातला तर गार लागलं, आणि त्याच हाताला, पाण्याखाली, भिंतीचा पाया लागला. मऊ. नखानं उकरलं तर माती हातात आली, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखी.

आधी पाणी अंगणभर पसरून उभं राहायचं. आता त्यांनी स्वतःच त्याला हाताला धरून भिंतीच्या पायाशी आणून बसवलं होतं.

जेवताना ती म्हणाली, “बाबा, मी चरात पाणी ओतून बघितलं. पलीकडे आलंच नाही.”

“खडी पाणी पिते सुरुवातीला.”

“दोन बादल्या? आणि खळग्यातलं तसंच आहे.”

“वखारीत दिवसभर करवतीचा आवाज, आणि घरी तुझा,” बाबा म्हणाले. “दादाचं काम आहे ते. तू त्यांना शिकवणार का?”

“नळीत बुडबुडा होता, बाबा.”

बाबांचा घास हातातच राहिला. “तू बघितलास?”

“हो.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते काकांचंच वाक्य होतं, आणि ते आता बोलून दाखवणं म्हणजे काकांवर ढकलणं.

“तपासलीय त्यांनी नळी,” बाबा म्हणाले. आवाज असा, की दोघांतल्या कुणाला समजावतायत तेच कळेना. “तीस वर्षं ढाळ काढतायत ते. मी त्यांच्या खांद्यावर बसून मोठा झालोय. त्यांना जाऊन मी काय सांगू, तुमची नळी चुकली?”

आईनं ताटं उचलली. “मशीन पुढच्या खोलीत घेऊ या का?” ती म्हणाली. “उगीच आपलं. मागं अंधार पडतो.”

मागच्या खोलीत अंधार पडत नव्हता. तरी बाबा उठले, मशीनचं एक टोक त्यांनी धरलं, एक आईनं, आणि मशीन पुढच्या खोलीत गेलं. तिला तेव्हा खरी भीती वाटली. बाबांना पटलं होतं, आणि तरी ते बोलणार नव्हते.

शुक्रवार नुसता घुसमटलेला गेला. वारा नाही, पान हलत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा आभाळ इतकं खाली आलं होतं की दवाखान्यावरची पाटी दिवा लावून वाचावी लागली असती. ती तिला पाठच होती, सायकल मिळाल्यापासून रोज समोरून जायची: दर रविवारी डोळ्यांची तपासणी. घराच्या वळणावर पहिले थेंब आले, मोठे, धुळीत खळी पाडणारे. सायकल टेकवेपर्यंत धार लागली.

बाबा घरी होते; ओलं लाकूड करवतीला लागत नाही, म्हणून वखार लवकर सुटली होती. रस्त्यावरून पाणी अंगणात उतरत होतं. चराच्या रेषेवर माती काळी पडली, मग तिच्यातून बुडबुडे वर येऊ लागले, एक, दोन, मग सगळीकडे, चर श्वास घेत असल्यासारखा. जाळीच्या वर पाणी आलं. भिंतीला टेकलं. त्यात फिकट निळी झाक होती. बाबांनी बादली उचलली आणि पाणी उपसून लांब फेकू लागले. फेकलेलं पाणी वळून परत येत होतं.

ती मागच्या खोलीत गेली. पट्टीत डोळा अख्खा होता. तिनं भिंतीला कान लावला. आतून सरसर, वाळू सांडावी तशी. “आई, इकडे ये,” ती म्हणाली, आणि त्याच वेळी आवाज आला. टच्. एवढाच. नख मोडल्यासारखा.

पट्टीत तिचे दोन डोळे झाले होते. एक जरा वर, एक जरा खाली.

आई दारात होती. तिनं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज नेहमीसारखाच आला. “बाहेर. चप्पल राहू दे.”

तिघंही पुढच्या दाराबाहेर पावसात उभे राहिले. बाबांच्या हातात अजून बादली होती. ते छपराकडे बघत होते.

“काकांना आणायला हवं,” ती म्हणाली.

“काय सांगणार त्यांना?” बाबा म्हणाले. “आं? काय सांगणार?”

“मी सांगते.”

ती अनवाणी सायकलवर बसली.

काका गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानाच्या बांधकामावर होते. पावसामुळे काम थांबलं होतं, अर्ध्या स्लॅबखाली चारपाच मजूर विड्या ओढत बसले होते. काका कोपऱ्यात, मांडीवर नळीचं वेटोळं.

“काय गं,” एक मजूर म्हणाला, “घर पोहायला लागलं का तुमचं?” बाकीचे हसले.

ती काकांसमोर उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. वाटभर एकच वाक्य तोंडात होतं: काका, तुमची नळी चुकली. पैजेच्या दिवशी ते किती सोपं होतं. आता सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि काका त्या सगळ्यांच्या मध्ये, मान जरा तिरकी करून, आवाज कुठून येतोय ते ऐकत बसले होते. तिला कळलं, ते वाक्य इथं पडलं तर काका पुन्हा कधी कुणाच्या घरी नळी घेऊन जाणार नाहीत.

“काका, माझ्याकडून चूक झाली,” ती म्हणाली. “नळीचं टोक मी धरलं होतं. मला बुडबुडा दिसला होता. मी बोलले नाही.”

विडीचा धूर तेवढा हलला.

“केवढा?” काकांनी विचारलं.

तिनं बोट पुढं केलं. काका त्या बोटाकडे बघेनात. त्यांनी हात पुढं केला, हवेत शोधला, आणि तिचं बोट सापडल्यावर मुठीत धरलं. सिमेंटनं खरखरीत झालेला हात. मुळाशी त्यांनी आपलं एक बोट आडवं ठेवलं. त्यावर दुसरं. मग तिसरं. चौथं तिच्या नखाशी येऊन बरोबर बसलं.

“चार,” ते म्हणाले. अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं. “सगळा ढाळ गेला.”

मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “धरणारा चुकतो. सांगितलं होतं ना? चल.” आणि वेटोळं खांद्यावर टाकून ते सायकलच्या मागं बसले.

वाटेत पाऊस तोंडावर मारत होता. दवाखान्याच्या वळणापाशी मागून काकांचा आवाज आला. “पुढं खड्डा होता इथं. आहे का अजून?”

तो खड्डा गावातल्या लहान पोरांनाही दिसेल एवढा होता.

“आहे,” ती म्हणाली. “आपण बाजूनं जातोय, काका.”

“बरं,” काका म्हणाले. त्यांच्या हाताची पकड जरा घट्ट झाली.

घर उभं होतं. पहिली नजर तिनं छपरावर टाकली. आई-बाबा चराच्या खालच्या टोकाशी फावडी घेऊन तयार होते. कुणी सांगायच्या आधीच. काकांनी नळी तिच्या हातात दिली.

“तू बघ,” ते म्हणाले. “आणि आता तोंड उघड.”

तिनं नळी हातभर, हातभर करत आभाळाकडे उचलली. डोळ्यांत पाणी जात होतं. बुडबुडा अजून होता, थोडा सरकलेला. तिनं नखानं टिचक्या मारत त्याला वर वर नेलं. तो अडला, परत घसरला. पुन्हा टिचक्या. शेवटी तोंडाशी येऊन तो फुटला.

“गेला.”

“नक्की?”

“नक्की, काका. दुसरा नाही. दोनदा बघितलं.”

“मग सांग.”

“खाली घ्या. अजून. अजून थोडं. थांबा, जास्त झालं. वर. बास.”

आयुष्यात कुणी काकांना असं बास म्हटलं नसेल. भिंतीपाशी पाणी पहिल्या दिवशीच्या खुणेला येईपर्यंत काका तिच्या आवाजावर नळी वरखाली करत होते. ओढ्याकडच्या काठीवर नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली पडली. आडवी चार बोटं खाली.

मग खणणं. पाईप उचकटून काढला. ओढ्याच्या बाजूनं सुरू करून भिंतीकडे चढत यायचं. टोकाला चार बोटं, मध्यावर दोन, भिंतीपाशी शून्य. चिखल फावड्याला चिकटायचा, खडी निसटायची. बाबांचे फोड पुन्हा फुटले, दांड्यावरचं फडकं लाल झालं. आई गुडघ्यांवर बसून हातांनी खडी ओढत होती. काका चरात पोटरीभर पाण्यात वाकून तळ हातानं चाचपायचे आणि म्हणायचे, “इथं उंचवटा.” एकदाही चुकलं नाही. मागं भिंतीतून मधूनच मातीचा एखादा गोळा पाण्यात पडे, डुब्. प्रत्येक डुबला चौघांचे हात थांबत, आणि पुन्हा चालू होत.

ओढाही चढत होता. तो पाईपच्या तोंडाला लागायच्या आत हे व्हायला हवं होतं. पाईप परत बसला, खडी पडली. शेवटी भिंतीजवळ राहिलेला मातीचा बंधारा बाबांनी फोडला.

ती धावत ओढ्याकडे गेली. पाईपचं तोंड. काहीच नाही. मग आत कुठंतरी घशात खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि पाणी आलं. आधी गढूळ. मग त्या गढुळात एक बारीक धागा, निळा.

“चालतंय का?” काका लांबून विचारत होते.

“चालतंय,” ती म्हणाली. “निळं आहे.”

“निळं?”

“मी नीळ ओतली होती. तुमचं काम तपासायला.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“कधी?” काका म्हणाले.

“परवा.”

“मग परवाच यायचं होतंस.” काकांनी ओला सदरा पिळला. पाणी कुठं पडलं ते त्यांनी पाहिलं नाही. “पुढच्या वेळी परवाच ये.”

संध्याकाळपर्यंत भिंतीच्या पायाशी पाणी उरलं नाही. काकांनी पेरानं भिंत वाजवली. बद्द. जरा वर, तिथंही बद्द. “दोन दिवस कोरडी राहिली की टिकेल का ते सांगेन,” ते म्हणाले. “आज पुढं झोपा. दाराजवळ.” तडकलेल्या पट्टीशेजारी त्यांनी आरशाची नवी पट्टी चिकटवली. सिमेंट तिनं कालवलं. पट्टी चिरेवर कुठं बसवायची ते त्यांनी तिलाच विचारलं. मग बाबा त्यांना दंडाला धरून घरी पोचवून आले, पाऊस आहे म्हणून, असं म्हणत.

पुढच्या खोलीत मशीनला टेकून तिघं बसले. पाऊस थांबला नव्हता. मागून पाण्याचा आवाज येत होता, आणि तो चालू आहे ना, एवढंच तिघं ऐकत होते. आई बाबांच्या तळहाताला हळद लावत होती.

“काकांचे डोळे,” ती म्हणाली.

“काय झालंय दादाच्या डोळ्यांना?” बाबा लगेच म्हणाले. सवयीनं. मग आपल्याच तळहाताकडे बघत राहिले.

आईनं हळदीची वाटी खाली ठेवली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. तिचा आवाज वक्तृत्वातला नव्हता, साधा होता. “उद्या रविवार आहे. दवाखान्यात डोळे तपासतात. सोमवारी सकाळी सायकल परत द्यायचीय, म्हणून उद्याच. मी काकांना मागं बसवून घेऊन जाणार. विचारत नाहीये, सांगतेय. आणि त्यांना नीट दिसायला लागेपर्यंत शाळा सुटली की मी त्यांच्या कामावर जाणार. दुसरं टोक मी धरणार. नळी धरणार, आणि तोंडही उघडं ठेवणार.”